राज्यक्रांती बघायला एकच दिवस असेल तर: व्हर्साय की पॅरिस?

युरोपच्या सहलीत पॅरिसच्या वाट्याला फार तर तीन दिवस येतात. एक आयफेल टॉवर, सेन नदीतली बोट आणि खरेदी यांत जातो, दुसरा लूव्ह्रमध्ये पायांचे तुकडे पाडण्यात. उरलेला एक दिवस ज्यांना फ्रेंच राज्यक्रांतीला द्यायचा असतो, त्यांना एक प्रश्न हमखास पडतो. शहराबाहेर व्हर्सायच्या राजवाड्याला जावं, की पॅरिसमध्येच बॅस्टिल, त्युईलरी, काँकॉर्द, कॉन्सिएर्जरी असं फिरावं? दोन्ही एका दिवसात उरकतं असं सांगणारे भेटतील. उरकतं खरं, पण हाताला फोटोंपलीकडे काही लागत नाही.

निवड करण्याआधी एक ठरवा: तुम्हाला कशाचा शेवट झालेली जागा पाहायची आहे? १७८९ ते १७९३ या काळात फ्रान्समध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी संपल्या आणि शाळेपासून आपण त्या तिन्हींची एकच मोट बांधत आलो. राजाचा शब्द हाच कायदा, ही अनियंत्रित राजेशाही १७८९ च्या जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत संपली. त्यानंतर राजा होता, पण घटनेच्या चौकटीत बसवलेला. तीही राजेशाही १० ऑगस्ट १७९२ ला कोसळली. आणि खुद्द राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला २१ जानेवारी १७९३ ला. यातला पहिला शेवट व्हर्सायला झाला, दुसरा आणि तिसरा पॅरिसला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विषय ‘अनियंत्रित राजेशाही कशी पडली’ हा असेल, तर व्हर्साय. फक्त सगळे जातात तसं नाही.

व्हर्साय: वाड्याइतकंच गावही

टूरबरोबर गेलेला माणूस व्हर्सायला काय पाहतो? सोनेरी फाटक, राजाची दालनं, ७३ मीटर लांबीचा आणि ३५७ आरशांचा तो प्रसिद्ध महाल, मग बाग, मग बस. या सगळ्यात राज्यक्रांती कुठेच नसते. असतो तो चौदावा लुई, ज्याने १६८२ मध्ये दरबार कायमचा इथे आणला. बरोबरची मंडळी आरसेमहालात मान वर करून म्हणतात, ‘एवढी उधळपट्टी! मग लोक पेटणार नाहीत तर काय?’

इथे जरा थांबावं, कारण हिशेब वेगळं सांगतो. १७८८ च्या अंदाजपत्रकात सरकारचा खर्च सुमारे ६३ कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) होता आणि उत्पन्न ५० कोटींच्या आसपास. त्या खर्चातला निम्मा पैसा जुन्या कर्जांचं व्याज आणि हप्ते भागवण्यात जात होता. दरबाराचा वाटा होता साधारण सहा टक्के. फ्रान्सला कर्जात बुडवलं ते युद्धांनी, आणि त्यातही शेवटी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने. इंग्लंडची जिरवायला सोळाव्या लुईने तिकडच्या प्रजासत्ताकवाल्यांना पैसा आणि सैन्य पुरवलं, आणि त्याचं बिल घरी आलं. सरदार आणि धर्मगुरू कर भरायला तयार नव्हते; राजाला त्यांच्यावर तो लादता येत नव्हता. नावाला अनियंत्रित असलेल्या राजाचे हात इतके बांधलेले होते. म्हणून १६१४ नंतर पहिल्यांदाच इस्टेट्स जनरल ही धर्मगुरू, सरदार आणि बाकी जनता या तिन्ही वर्गांची सभा बोलवावी लागली. आरसेमहालाला दोष द्यायचाच तर तो इतकाच, की तिथे उभं राहून पॅरिसमधल्या पावाचा भाव कळत नव्हता. चार पौंडांचा पाव एरवी ८–९ सूला (सू हे छोटं नाणं) मिळायचा, तो १७८९ च्या फेब्रुवारीत साडेचौदा सूवर गेला होता, आणि मजुराची दिवसाची कमाई होती २०–३० सू.

त्याच मजल्यावर हर्क्युलिसचं दालन आहे. गर्दी तिथून भराभर पुढे सरकते, पण आपल्याकडच्या माणसाने तिथे दोन मिनिटं रेंगाळायला हरकत नाही. १० ऑगस्ट १७८८ ला टिपू सुलतानचे तीन वकील याच दालनात लुईपुढे उभे राहिले. इंग्रजांविरुद्ध सैन्याची मदत मागायला ते म्हैसूरहून इतक्या लांब आले होते. सारा दरबार त्यांच्या मलमलीच्या कपड्यांवर लट्टू झाला, मानपान भरपूर झाला, सैन्य मात्र मिळालं नाही. खजिनाच रिकामा होता. पुढे बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, लुईचं सिंहासन गेलं.

वाड्यात राज्यक्रांतीचा सर्वांत जवळून दिसणारा ठसा राणीच्या शयनगृहात आहे. पलंगाच्या डाव्या बाजूला, भिंतीच्या रेशमी कापडातच बेमालूम बसवलेलं एक छोटं दार दिसतं. ६ ऑक्टोबर १७८९ च्या पहाटे जमाव वाड्यात घुसला, पहारेकऱ्यांपैकी दोघे मारले गेले, आणि राणी मारी आंत्वानेत याच दारातून राजाच्या दालनाकडे पळाली. पलीकडच्या दालनाचं दार आतून बंद होतं. ते उघडेपर्यंत ती ठोठावत राहिली. गाइड बहुतेकदा पलंगाच्या भरतकामावर बोलतो. तुम्ही दाराकडे बघा. (वाड्यातलं मूळ सामान १७९३–९४ मध्ये वर्षभर चाललेल्या लिलावात विकलं गेलं. आज जे दिसतं त्यातलं काही शोधून परत आणलेलं आहे, काही जुन्या नमुन्यावरून नव्याने केलेलं.) काही तासांनी संगमरवरी चौकावरच्या सज्जात पॅरिसच्या नागरी सैन्याचा सेनापती लाफाएत याने तिला लोकांसमोर आणलं आणि वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. शिव्या देणारा जमाव क्षणभर निवला. त्याच दुपारी राजा, राणी आणि मुलं पॅरिसला निघाली. बरोबर पिठाने भरलेल्या गाड्या होत्या आणि बायका ओरडत होत्या, ‘भटारी, भटारीण आणि भटाऱ्याचा पोरगा आणलाय!’ लुईने व्हर्साय पुन्हा पाहिलं नाही.

आदल्या दिवशी या बायका पॅरिसच्या नगरभवनापासून भर पावसात चालत आल्या होत्या, जवळपास २० किलोमीटर. तुम्ही तेच अंतर आरईआर सी या उपनगरी गाडीने वातानुकूलित डब्यात पाऊण तासात कापता.

आता वाड्याबाहेर पडा. बागेकडे नाही, उलट्या दिशेला, सेंट लुई वस्तीकडे. पायी दहा मिनिटांवर ‘जू द पोम’ नावाची एक उंच, साधी इमारत आहे. १६८६ मध्ये बांधलेलं हे बंदिस्त टेनिसचं मैदान. माझ्या लेखी हीच व्हर्सायची खरी प्रेक्षणीय जागा, आणि वाड्यासमोर रांगेत उभ्या असलेल्यांपैकी इथे क्वचितच कुणी येतं.

तिथे काय झालं ते थोडं सविस्तर सांगायला हवं. इस्टेट्स जनरल ५ मे १७८९ ला भरली, पण मतं माणशी मोजायची की वर्गाला एक, यावर गाडी अडली. वर्गाला एक मत धरलं तर सरदार आणि धर्मगुरू मिळून दोन, बाकी सगळा देश एक. तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी १७ जूनला सरळ जाहीर केलं की आम्हीच राष्ट्रीय सभा. २० जूनला सकाळी ते सभागृहाशी आले तर दाराला कुलूप आणि पुढे शिपाई. राजाच्या दरबारी बैठकीची तयारी चालू आहे, असं कारण दिलं गेलं. बाहेर पाऊस. डॉ. गियोतँ यांनी जवळच्या टेनिसच्या मैदानाचं सुचवलं (होय, ज्यांचं नाव पुढे गिलोटिन या शिरच्छेदाच्या यंत्राला चिकटलं तेच). भिजलेले पाचशेहून जास्त लोक तिथे गेले, आणि खगोलशास्त्रज्ञ बायी यांनी उंचावर उभं राहून शपथ वाचली: राज्यघटना पक्की होईपर्यंत आम्ही वेगळे होणार नाही, जिथे जमता येईल तिथे जमू. सगळ्यांनी सह्या केल्या. एकाने शपथ नाकारली. कास्तेलनोदारीचे मार्तँ-दोश म्हणाले, राजाच्या संमतीशिवाय शपथ घेणं मला पटत नाही. चित्रकार दाविदने या प्रसंगाचं जे चित्र काढायला घेतलं, त्यात उजव्या टोकाला छातीवर हात आवळून बसलेला एकटा माणूस तोच. इमारतीत आज त्या चित्राची भिंतभर मोठी प्रतिकृती आहे, बायींचा पुतळा आहे आणि भिंतींवर सह्या करणाऱ्यांची नावं आहेत.

दोन दिवसांनी सभा शेजारच्या सेंट लुईच्या चर्चमध्ये भरली आणि धर्मगुरूंपैकी बरेच जण येऊन मिळाले. २३ जूनला राजाने स्वतः येऊन हुकूम सोडला की वर्ग वेगवेगळे बसतील. तो निघून गेला. सभा उठली नाही. राजाचा अधिकारी आठवण द्यायला आला तेव्हा तिसऱ्या वर्गाचा प्रतिनिधी मिराबो याने त्याला ऐकवलं की आम्ही इथे जनतेच्या इच्छेने आहोत आणि हलवायचंच असेल तर संगिनी आणा. २७ जूनला राजानेच माघार घेऊन उरलेल्या दोन्ही वर्गांना सभेत बसायला सांगितलं.

अनियंत्रित राजेशाहीचा कणा मोडला तो इथे, एका आठवड्यात, कुणालाही न मारता. राजाने भर सभेत हुकूम दिला आणि तो पाळला गेला नाही. पुढे जे झालं त्यातलं बरंचसं या एका नकाराचं व्याज आहे. जू द पोमच्या फरशीवर उभं राहिलं की हे जितकं पटतं, तितकं वाड्यातल्या कुठल्याही दालनात पटत नाही.

व्हर्सायची उणी बाजूही सांगायला हवी. ज्या मन्यू-प्लेझीर सभागृहात ५ मेचं उद्घाटन झालं, जिथे ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क सोडले गेले, २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला आणि राजाच्या नकाराधिकारावरच्या वादात उजवे-डावे ही बसण्याची विभागणी रुळली, ते सभागृह आज उभं नाही. त्या आवारात संगीताची संस्था आहे. इतक्या मोठ्या घटनांची जागा अशी हाताला न लागणं चुटपुट लावतं. वाड्यातली गर्दीही अंगावर येते, विशेषतः मंगळवारी, कारण त्या दिवशी लूव्ह्र बंद असतं आणि सगळं पॅरिस इकडे लोटतं. चौकातल्या दगडी फरशीवर चालणं वयस्कर माणसांना जड जातं. त्रियानाँचे छोटे महाल वाड्यापासून लांब आहेत आणि दुपारी १२ नंतरच उघडतात. राज्यक्रांतीपुरतं बोलायचं तर ते सोडून द्या. ५ ऑक्टोबरला बायका येत असल्याची बातमी राणीला तिथल्या बागेत मिळाली, एवढाच त्यांचा इथला संबंध.

पॅरिस: जागा पुष्कळ, उरलेलं थोडं

पॅरिसची अडचण उलटी आहे. घटना पुष्कळ इथे घडल्या, वास्तू मात्र बहुतेक गेल्या.

बॅस्टिलपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात आणि तिथेच फसतात. बॅस्टिलच्या चौकात बॅस्टिल नाही. आठ बुरुजांचा तो किल्ला पाडायला १४ जुलैनंतर लगेचच सुरुवात झाली आणि त्याचे दगड पुढे काँकॉर्दच्या पुलालाही लागले. चौकात मधोमध जो हिरवट स्तंभ आणि त्यावर सोनेरी पुतळा आहे, त्यापुढे उभं राहून लोक ‘१७८९’ म्हणत सेल्फी काढतात. तो स्तंभ १८३० च्या जुलै क्रांतीचा आहे आणि त्यावर कोरलेली ५०४ नावं त्या तीन दिवसांत पडलेल्यांची आहेत. ती क्रांती झाली दहाव्या चार्ल्सविरुद्ध. हा चार्ल्स म्हणजे सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ, जो १७८९ मध्ये बॅस्टिल पडल्यावर दोनच दिवसांत देश सोडून पळाला होता. परत येऊन राजा झाला आणि जुनंच दळण दळायला बसला. तेव्हा स्तंभ चुकीचा असला तरी हिशेब त्याच घराण्याचा आहे.

किल्ल्याचे खरे अवशेष हवे असतील तर दोन ठिकाणं. बॅस्टिल मेट्रो स्थानकात ५ क्रमांकाच्या मार्गाच्या फलाटावर जुन्या भिंतीचा एक तुकडा दिसतो. आणि नदीच्या दिशेने थोडं चालत गेलं की आंरी-गाली बागेत एका बुरुजाच्या पायाचे दगड मांडून ठेवलेत. मेट्रो खणताना १८९९ मध्ये ते सापडले. पाच-दहा मिनिटांचं काम.

पण मग बॅस्टिलचं महत्त्व काय? त्या दिवशी आत कैदी होते फक्त सात: चार खोट्या हुंड्यांच्या प्रकरणातले, दोन वेडे आणि एक सरदार. लोक त्यांना सोडवायला गेलेच नव्हते. सकाळी त्यांनी अँव्हालिद या लष्करी इमारतीतून हजारो बंदुका उचलल्या होत्या आणि बंदुकीची दारू बॅस्टिलमध्ये होती. हल्ल्यात सुमारे शंभर माणसं मेली. व्हर्सायभोवती तेव्हा राजाने सैन्य जमवलं होतं, आणि जूनमध्ये उभी राहिलेली सभा ते कधीही उधळू शकलं असतं. १४ जुलैने ते टळलं. १५ तारखेला राजा स्वतः सभेत आला आणि सैन्य मागे घेतो म्हणाला. १७ ला पॅरिसच्या नगरभवनात जाऊन त्याने तिरंगी फीत हातात घेतली. व्हर्सायला जूनमध्ये जे ठरलं, ते पॅरिसने जुलैमध्ये टिकवलं. दोन्हींतलं नातं हे असं आहे, आणि म्हणूनच फक्त बॅस्टिल पाहून परतणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते.

पॅरिसचा खरा दिवस १० ऑगस्ट १७९२, आणि त्याची जागा त्युईलरीची बाग. ऑक्टोबर १७८९ पासून राजघराणं इथल्या वाड्यात राहत होतं. वाडा लूव्ह्रच्या दोन पंखांमध्ये, बागेच्या तोंडाशी उभा होता. १८७१ च्या उठावात पॅरिस कम्यूनच्या बंडखोरांनी तो जाळला, १८८३ मध्ये भिंतीही पाडल्या. आज तिथे मोकळं आकाश आहे. पण बागेतून चालत जाता येतं, आणि ते चालणं महत्त्वाचं. मधल्या काळात लुईने १७९१ च्या जूनमध्ये वेश बदलून पळून जायचा प्रयत्न केला, वारेन गावी पकडला गेला, आणि त्याच्यावरचा उरलासुरला विश्वासही गेला. १० ऑगस्टच्या सकाळी सशस्त्र जमाव वाड्यावर चालून आला, तेव्हा रोदेरेर या अधिकाऱ्याने राजाला कुटुंबासह विधानसभेत आसरा घ्यायला लावलं. सभा बागेच्या कडेला, घोडेस्वारीच्या जुन्या शाळेत भरत होती. सगळे बागेतून चालत निघाले. माळ्यांनी झाडांची पानं ढीग करून ठेवली होती आणि छोटा राजपुत्र ती पायाने उडवत होता. रोदेरेरने लिहून ठेवलंय की राजा म्हणाला, ‘यंदा पानं लवकर गळायला लागली.’ मागे वाड्यात स्विस पहारेकरी लढत राहिले. राजाने शस्त्रं खाली ठेवा अशी चिठ्ठी पाठवली, पण तोवर फार उशीर झाला होता. सुमारे सहाशे स्विस मारले गेले. राजा तेव्हा सभेत वार्ताहरांच्या कोंदट खोपटात बसून स्वतःची सत्ता स्थगित होताना ऐकत होता. रस्त्यापलीकडून हे सगळं बघणाऱ्यांत एक तरुण तोफखाना अधिकारी होता, बोनापार्त नावाचा. सहा आठवड्यांनी, २१ सप्टेंबरला, राजेशाही रद्द झाली.

त्या घोड्यांच्या शाळेचंही आज काही उरलेलं नाही; रिव्होली रस्त्याच्या बाजूला बागेच्या कठड्याला तिची आठवण सांगणारी पाटी तेवढी आहे. बागेच्या दुसऱ्या टोकाला काँकॉर्दचा चौक. इथे लुईचा शिरच्छेद झाला. आज मध्ये इजिप्तहून आणलेला लक्सरचा स्तंभ आहे, १८३६ मध्ये उभारलेला. तो मुद्दाम निवडला, कारण फ्रान्सच्या भांडणाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. आजूबाजूला गाड्यांचा पूर. इतिहास मनात भरून आला नाहीत तर हा चौक म्हणजे एक मोठा वाहतूक सिग्नल आहे.

कॉन्सिएर्जरीचं तसं नाही. सेनमधल्या बेटावरचा हा तुरुंग शाबूत आहे, चौदाव्या शतकातला कमानींचा भव्य दिवाणखाना पाहूनच माणूस गप्प होतो. मारी आंत्वानेत इथे १७९३ च्या ऑगस्टपासून १६ ऑक्टोबरपर्यंत होती. तिच्या कोठडीच्या जागी राजेशाही परतल्यावर अठराव्या लुईने छोटं चॅपल बांधलं. क्रांतीचे पुढारी दांतों आणि रोबेस्पिएरही इथूनच गिलोटिनकडे गेले. क्रांतिकारी न्यायालयापुढे उभ्या केलेल्या हजारोंची नावं एका दालनात आहेत. मन हलवणारी जागा, यात वाद नाही. पण इथे जे दिसतं ते राजेशाही पडून गेल्यानंतरचं आहे. हा १७९३–९४ मधल्या, विरोधकांना गिलोटिनवर चढवणाऱ्या दहशतीच्या राजवटीचा तुरुंग आहे. राजा कसा पडला याचं उत्तर इथे शोधू नका.

राहिलं कार्नाव्हाले. मारे भागातलं हे पॅरिस शहराचं संग्रहालय, कायमच्या दालनांना तिकीट नाही, आणि राज्यक्रांती सगळ्यात वरच्या मजल्यावर. पॅरिसच्या बाजूने एकच जागा निवडायची असेल तर मी ही निवडीन. रस्त्यावरून जे गायब झालं ते इथे सापडतं: ल बार्बिएने रंगवलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा, बॅस्टिलच्याच दगडात कोरलेली बॅस्टिलची छोटी प्रतिकृती (किल्ला पाडणाऱ्या पालुआ नावाच्या ठेकेदाराने अशा प्रतिकृती करून गावोगाव पाठवल्या, जाहिरातीचं डोकं पक्कं होतं), १० ऑगस्टनंतर राजघराण्याला जिथे डांबलं त्या ताँपलच्या तुरुंगात त्यांनी वापरलेलं साधं सामान. आणि रोबेस्पिएरच्या शेवटच्या रात्रीचा एक कागद, ज्यावर त्याची सही पहिल्या दोन अक्षरांवर थांबलेली आहे. ताँपलचा मनोरा नेपोलियनने पाडायला लावला, त्यामुळे ते लाकडी सामान हाच आता त्या तुरुंगाचा पुरावा.

मग कुणी कुठे जावं?

इतिहास आवडीने वाचलेला असेल आणि एकच दिवस असेल, तर व्हर्साय. सकाळची वेळ ठरवून तिकीट आधीच काढा, वाड्यात दोन तासांहून जास्त घालवू नका, बाग वरून पाहा, आणि दुपार जू द पोम व सेंट लुई चर्चसाठी ठेवा. जू द पोमच्या उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी नक्की पाहून घ्या. वाड्यासारखं ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडं असेल असं धरून चालू नका.

बरोबर आई-वडील असतील आणि चालणं कमी हवं असेल, तर पॅरिस: सकाळी कार्नाव्हाले, जेवून कॉन्सिएर्जरी, शेजारीच सेंत शापेलची रंगीत काच. दोन्ही जागांत बसायला मिळतं, आणि थकलात तर मधूनच हॉटेलवर परतता येतं. व्हर्सायहून तसं मधूनच निघणं म्हणजे अर्धा दिवस वाया.

नववीच्या इतिहासात फ्रेंच राज्यक्रांती वाचलेली मुलं असतील तर मी पुन्हा व्हर्सायकडे झुकेन, कारण राणीचं चोरदार आणि टेनिसचं मैदान त्यांना जन्मभर लक्षात राहतं. कार्नाव्हालेत मुलं वरच्या मजल्यापर्यंत पोचतानाच कंटाळतात. त्याउलट मंडळींमध्ये एकालाच इतिहासाचं वेड असेल आणि बाकीच्यांना खरेदी करायची असेल, तर त्या एकाने त्युईलरी ते काँकॉर्द ही तासाभराची फेरी एकट्याने मारावी. फुकट आहे, आणि १० ऑगस्टची गोष्ट माहीत असेल तर पुरेशी आहे.

ज्यांच्याकडे आणखी अर्धा दिवस आहे, त्यांनी मेट्रो १३ ने सेंट डेनीसला जावं. फ्रान्सच्या राजांचं हे दफनस्थान. १७९३ मध्ये कबरी उकरून शतकांच्या राजांची हाडं खड्ड्यांत लोटली गेली. १८१५ मध्ये लुई आणि मारी आंत्वानेत यांचे अवशेष इथे आणले. दोघांचे गुडघे टेकलेले संगमरवरी पुतळे आहेत. २००४ मध्ये त्यांच्या मुलाचं, दहा वर्षांचा असताना कैदेत वारलेल्या सतराव्या लुईचं हृदयही इथे ठेवलं गेलं. पर्यटक थोडेच असतात.

आणि मोकळा दिवस नेमका सोमवारी येत असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. त्या दिवशी व्हर्सायचा वाडा बंद, कार्नाव्हालेही बंद. कॉन्सिएर्जरी उघडी असते, त्युईलरीची बागही. बॅस्टिलच्या मेट्रो फलाटावरचा भिंतीचा तुकडा तर रोजच.